दोन्हीकडची गोळी

मिस्त्रींना शिंक आली आणि मोजणी चुकली.

जळालेल्या मोटरवर नवी तार गुंडाळताना माणसानं बोलू नये, हसू नये, आणि जमलं तर श्वाससुद्धा बेतानं घ्यावा, असा त्यांचा नियम होता. वेढे तोंडातल्या तोंडात मोजायचे. एक कमी झाला तरी पंखा तापतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. पण शिंक काही नियम विचारून येत नाही. मिस्त्रींनी नाक पुसलं आणि निमूटपणे सगळी तार उलगडायला घेतली. ती उलगडून होईपर्यंत आणखी दोन शिंका येऊन गेल्या.

"मिस्त्री, घरी जा आता," शेजारच्या गाळ्यातून सायकलवाला ओरडला. "सकाळपासून नुसते शिंकताय. पंखा काही पळून जात नाही."

"पंखा नाही पळत रे, गिऱ्हाईक पळतं."

"डोळे बघा कसे झालेत. अंगात कणकण असणार."

"या वयात कणकण अंगातच मुक्कामाला असते," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी खण उघडला. खणात पक्कड आणि कातरीच्या शेजारी पाठदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी कायम असायची. मोठी मोटर असली की काम सुरू करायच्या आधी एक आणि उरकल्यावर एक. याला ते औषध मानतच नसत. सांध्यांना तेल घालतो म्हणायचे. त्यांनी एक गोळी जिभेवर ठेवली, बाटलीतलं पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्या वेढ्यापासून सुरुवात केली.

मिस्त्री तसा साधा माणूस. उभा जन्म पंखे, पंप आणि मिक्सरच्या मोटरी भरण्यात गेला. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण पाटीवरचं नाव वाचतो कोण? सगळ्यांचे ते मिस्त्रीच. कुणाशी वैर नाही, कुणाचं वाकडं बोलणं नाही. "नाही" हा शब्द त्यांना कधी जमलाच नाही. बायको होती तेव्हा ती म्हणायची, "यांना कुणी विहिरीत उडी मारा म्हटलं तर हे विचारतील, चप्पल काढून मारू का घालून?" ती गेल्यावर मिस्त्रींच्या वतीनं नाही म्हणणारं घरात कुणी उरलं नाही.

उरल्या त्या दोन सुना. दोघीही स्वभावानं चांगल्या, कामाला वाघ, सासऱ्यावर जीव असलेल्या. एकमेकींशी मात्र बोलत नव्हत्या. झालं होतं एवढंच, की एकदा भरून आलेलं असताना धाकटीनं गच्चीवरचे आपले कपडे उतरवले आणि थोरलीच्या चादरी तशाच राहिल्या. चादरी भिजल्या. धाकटी म्हणाली, मला दिसल्या नाहीत. थोरली म्हणाली, चादर म्हणजे काय सुई आहे, न दिसायला? एवढ्यावर मिटलं असतं, पण दोघींनाही आधी बोलायचं नव्हतं. एक आठवडा गेला, एक महिना गेला, आणि मग अबोल्याचीच सवय झाली. आता चादरी फाटून त्यांची पायपुसणी झाली होती, तरी अबोला धडधाकट होता.

स्वयंपाकघर एकच होतं. त्यात दोन शेगड्या आल्या, दोन मिठाच्या बरण्या आल्या. निरोप द्यायचा तर हवेला द्यायचा. "सिलिंडर संपत आलाय, कुणाला तरी सांगा हो बाबा," असं थोरली मोठ्यानं म्हणायची, आणि ते कुणीतरी हातभर अंतरावर भांडी पुसत उभं असायचं. मुलगे या भानगडीत पडत नव्हते. थोरला मालाची गाडी घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असायचा. धाकटा शीतगृहात पाळीवर. घरी आले की दोघंही जेवून झोपायचे आणि बायकांचं बायका बघतील म्हणून कानाडोळा करायचे.

राहिले मिस्त्री. त्यांनी स्वतःपुरता एक मार्ग काढला होता. दोघींचंही घ्यायचं. सकाळी थोरलीचा चहा झाला की पाठोपाठ धाकटीचा. एकीच्या भाजीला छान म्हटलं की दुसरीचा भात वाढून घ्यायचा, पोटात जागा असो वा नसो. दोघींनी वाढदिवसाला एकेक सदरा आणला तेव्हा सकाळी एक घातला आणि संध्याकाळी दुसरा. कुणी विचारलं, "बाबा, तिकडचा चहा झाला का?" तर उत्तर ठरलेलं असायचं, "कुठला गं? आण तुझा." दोन-तीनदा खोटं बोलावं लागायचं दिवसाला. पण घर चाललं होतं. मिस्त्रींना वाटायचं, आपण आहोत तोवर हे घर दुभंगत नाही, आणि हे काही खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी ते घरी आले ते कुडकुडत. थोरली पाळणाघरातून नुकतीच आली होती. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळणारी बाई, ताप तिला लांबून कळायचा. तिनं कपाळाला हात लावला, कपाटातली तापाच्या गोळ्यांची पट्टी काढली, मागचं पुढचं सगळं वाचलं.

"सहा-सहा तासांनी एक. मी घड्याळ लावून देणार. तुम्ही मधे काही करायचं नाही. समजलं?"

"समजलं, सूनबाई."

"आणि काहीतरी खा आधी."

"खातो."

खाल्लं मात्र नाही. घास घशाखाली उतरत नव्हता. गोळी तेवढी घेतली. थोरली आपल्या पोरांचं बघायला आत गेली आणि मिस्त्री पांघरूण ओढून पडले. थोड्या वेळानं धाकटी कामावरून आली. ती मोबाइलच्या दुकानात काउंटरवर असायची. वाटेत सायकलवाल्यानं तिला सांगितलं होतं, त्यामुळे येताना ती मेडिकलमध्ये जाऊन आली होती, आणि नीट विचारूनही आली होती. तिनं पिशवीतून सर्दीच्या गोळ्या काढल्या.

"बाबा, ही घ्या. नाक मोकळं होईल, अंगही हलकं होईल. यात तापाचं औषधपण आहे म्हणाला मेडिकलवाला. म्हणून वर वेगळी तापाची गोळी द्यायची नाही, असं बजावून सांगितलंय त्यानं. तुम्ही दुसरी कुठली घेतली नाहीत ना?"

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. हातात पाण्याचा ग्लास, कपाळावर घाम, पायात अजून चप्पल. पोरगी धावतपळत आली होती. घेतली म्हटलं असतं तर पुढचं सगळं त्यांना पाठ होतं. तिचा चेहरा पडला असता. "बरं, दिली का त्यांनी? मग माझी कशाला," असं म्हणून ती पिशवी घेऊन आत गेली असती, आणि दोन दिवस घरात भांडी जरा जोरातच आपटली असती. दोन गोळ्यांनी काय होतंय? वेगळ्या रंगाची आहे, वेगळ्या पाकिटातली आहे. पोटात गेल्यावर आपापलं बघून घेतील.

"नाही गं," मिस्त्री म्हणाले. "आण इकडे."

दुसऱ्या दिवशी थोरलीनं विचारलं, "तिकडून काही औषध-बिवषध नाही ना दिलं?"

"छे छे."

झालं. थोरलीची घड्याळ लावून आणि धाकटीची जेवणानंतर, जेवण नसलं तरी. ताप उतरला. नाकही मोकळं झालं. दोघींनाही वाटलं, आपल्या औषधाला गुण आला. मिस्त्रींनी दोघींनाही तसंच सांगितलं. मग अंग दुखायचं थांबावं म्हणून दुकानात गेल्यावर ते खणातली गोळीही घेत राहिले, कारण एक पंप भरायचा राहिला होता आणि पंपवाला रोज फेऱ्या मारत होता. धाकटीनं आणखी एक नवी गोष्ट आणली, गरम पाण्यात घालून प्यायची सर्दीची पूड. लिंबासारखा वास यायचा तिला. मिस्त्रींना त्यातल्या त्यात तेच बरं लागायचं. सरबत म्हणून पिता यायचं.

मग मळमळ सुरू झाली.

"पोटात अन्न नाही म्हणून होतंय," थोरली म्हणाली.

"काहीतरी तेलकट दिलं असणार," धाकटी हवेला म्हणाली.

सकाळी उलटी झाली. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. मिस्त्री म्हणाले, पित्त आहे. उलटीत गोळी पडली असेल म्हणून थोरलीनं पुन्हा एक दिली. आजार उलटलाय असं समजून धाकटीनं पूड घातलेला पेला दोनदा आणला. चेहरे दोघींचेही उतरले होते. थोरलीनं तर पाळणाघरात रजा सांगितली. घरात एवढी माया त्या दिवसांत होती की एरवी वर्षभरात नसेल, आणि ती सगळी मिस्त्रींच्या उशाशी येऊन, ग्लासात पाणी घेऊन उभी राहत होती. नको म्हणायला तेवढं कुणी नव्हतं.

जरा बरं वाटतंय असं सांगून ते दुकानात गेले. पंपाची शेवटची गुंडाळी राहिली होती. सायकलवाला पंक्चर काढत होता. बराच वेळ शेजारून काहीच आवाज आला नाही, शिंक नाही, पक्कड ठेवल्याचा आवाज नाही, म्हणून त्यानं डोकावून पाहिलं. मिस्त्री तार हातात धरून बसले होते. ओठ हलत होते.

"मिस्त्री?"

"थांब. मोजतोय."

सायकलवाला थांबला. त्यानं नीट कान दिला. मिस्त्री सातपर्यंत जात होते आणि पुन्हा एकवर येत होते. तार जागची हलली नव्हती. मग त्यांनी मान वर केली तेव्हा सायकलवाल्याला त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. तो पांढरा नव्हता. हळदीत बोट बुडवून फिरवावं तसा पिवळा होता.

"चला," तो म्हणाला. "घरी नाही. दवाखान्यात."

"पंपवाला येईल ना."

"येऊ दे त्याला. बघतो मी त्याच्याकडे." त्यानं शटर ओढलं, आणि कसलं औषध घेतात म्हणून विचारलं तर दाखवायला हवं, म्हणून खणातली पट्टी खिशात टाकली. एवढं त्याला सुचलं.

मोठ्या दवाखान्यात रक्त घेतलं, सुया टोचल्या, आणि मिस्त्रींना आत नेलं. दोन्ही सुना वेगवेगळ्या रिक्षांनी आल्या. थोरल्याला फोन गेला, तो गाडी घेऊन फार लांब होता. धाकटा पाळीवरून तसाच आला, अंगावर शीतगृहातला जाड कोट. डॉक्टर पोरसवदा होता, त्याचे डोळे जागरणानं सुजलेले होते. त्यानं सगळ्यांना टेबलाशी बोलावलं.

"गेल्या आठवड्यात काय काय औषधं घेतली त्यांनी? सगळी सांगा. साधी वाटली तरी सांगा."

थोरलीनं पर्स उघडून पट्टी ठेवली. "तापाची. सहा तासांनी एक. एकही जास्त नाही दिली मी."

धाकटीनं आपली पिशवी उघडली. "सर्दीची. आणि ही पूड. पाकिटावर लिहिलंय तेवढीच." तिचा आवाज बारीक झाला होता. "मेडिकलमध्ये विचारून आणली होती."

सायकलवाल्यानं खिशातली पट्टी त्यांच्या शेजारी ठेवली.

टेबलावर चार रंग झाले. निळा, पिवळा, हिरवा, लाल. डॉक्टरनं पेनाचं टोक एकेकावरच्या बारीक अक्षरांवर ठेवलं. "हे वाचा. आता हे वाचा. आणि हे." धाकट्यानं वाचलं. मोठ्या अक्षरातली नावं चार होती. खाली मुंगीएवढ्या अक्षरात चारही ठिकाणी पॅरासिटॅमॉल लिहिलेलं होतं.

"औषध एकच आहे हे," डॉक्टर म्हणाला. "चांगलं औषध आहे. बेतानं घेतलं तर लहान मुलालासुद्धा देतो आम्ही. पण हे चार वाटांनी गेलंय. त्यात वय झालेलं, अंगात मांस नाही, पोटात अन्न नाही. लिव्हर जळालंय त्यांचं."

"पण मी जास्त दिली नाही हो," थोरली म्हणाली.

"मीपण नाही," धाकटी म्हणाली.

"नाही. तुम्ही दोघींनीही बरोबर दिली." त्याला रागवायचं होतं, पण कुणावर ते त्याला ठरवता येत नव्हतं. "दोघी एकाच घरात राहता ना?"

धाकटा कोटाच्या गुंड्या लावत आणि काढत उभा राहिला.

"मी विचारलं होतं त्यांना," धाकटी शेवटी म्हणाली. "दुसरी घेतली का म्हणून. नाही म्हणाले."

थोरलीनं मान वर केली. "मीपण विचारलं होतं," ती म्हणाली, आणि मागची खुर्ची चाचपत बसली. सासरा आपल्याशी खोटं बोलला याचं तिला वाईट वाटलं नाही. का बोलला ते तिला त्याच क्षणी कळलं, आणि ते फार भयंकर होतं.

"याला उतारा आहे," डॉक्टर म्हणाला, "आणि तो सुरू केलाय. पण तो लवकर द्यायचा असतो. दुखायला लागलं तेव्हा जरी आणलं असतं ना... आता किती उपयोग होईल सांगता येत नाही. एकेकानं आत जाऊन भेटा. फार बोलू नका."

पहिल्यांदा धाकटा जाऊन आला. बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग थोरली गेली. मिस्त्री झोपेत होते. तिनं त्यांच्या हातावरून हात फिरवला. बोटांच्या टोकांना तारेनं पडलेले घट्टे तसेच होते. "बाबा," ती म्हणाली, "मी आलेय." मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. थोडा वेळ उभी राहून ती बाहेर आली आणि बाकावर बसली.

मग धाकटी गेली.

खिडकीतून दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. त्या उजेडात मिस्त्रींचं सगळं अंगच पिवळं दिसत होतं. नर्स सलाईनची नळी बघत होती. ओठ कोरडे पडलेत, चमचाभर पाणी लावा म्हणाली. धाकटीनं वाटीतलं पाणी चमच्यात घेतलं आणि वाकली. चमचा ओठाला लागताच मिस्त्रींनी डोळे उघडले. ते तिच्याकडे बघत होते, पण दवाखान्यात नव्हते. आपल्या खोलीत, आपल्या अंथरुणात होते, आणि सूनबाई कामावरून आली होती.

"बाबा, घ्या," धाकटी म्हणाली. "थोडंसं."

मिस्त्रींनी मान बाजूला केली. जन्मात पहिल्यांदा कुणापुढे केली असेल.

"नको गं," ते म्हणाले. शब्द जड होते, पण स्पष्ट होते. "थोरलीनं दिलीय मघाशी."

चमच्यातलं पाणी चादरीवर सांडलं. धाकटीनं ते पदरानं टिपायचा प्रयत्न केला. टिपत राहिली. मिस्त्रींनी पुन्हा डोळे मिटून घेतले होते. नर्सला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय, असं होतं या आजारात. तिनं तसं सांगितलंही, धीर द्यायला. त्यानंतर मिस्त्री कुणाशीच काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी, थोरला पोचायच्या आत, ते गेले.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी धाकटी बाहेर आली तेव्हा मिस्त्री अजून होते. धाकटा फॉर्म भरायला खाली गेला होता. व्हरांड्यात फक्त थोरली होती, बाकावर भिंतीला टेकून बसलेली, पर्स पोटाशी धरलेली. धाकटी दारातच उभी राहिली.

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. हवेकडे नाही, तिच्याकडे.

"बोलले का गं काही?"

जे ऐकलं होतं ते तसंच्या तसं सांगितलं असतं, तर समोरची बाई त्या बाकावरून उठू शकली नसती. हे धाकटीला समजलं, कारण तिला स्वतःलाच उभं राहता येत नव्हतं.

"तुमचं नाव घेतलं, ताई," ती म्हणाली.

थोरलीनं ओठ घट्ट मिटून घेतले. मग ती बाकावर थोडी सरकली. बाक मोठा होता, जागा तशीही भरपूर होती, तरी सरकली. धाकटी तिथे जाऊन बसली. तिच्या पदराचं टोक ओलं होतं. ते थोरलीनं आपल्या हातात घेतलं आणि पिळलं.